ऐन घाटात लागलं तर?

तुमच्याही ग्रुपमध्ये ते असणारच. नसले तर तुमचा ग्रुप अजून सिंहगडाच्या पायथ्यापलीकडे गेलेला नाही. सायकलवरून लांब जायचं ठरतं. मंडळी मुक्काम कुठे करायचा, मासे कुठे चांगले मिळतात, परतीच्या बसच्या टपावर सायकली चढवू देतील का, असल्या महत्त्वाच्या विषयांत गुंतलेली असतात आणि एक गृहस्थ चहाचा कप खाली ठेवून विचारतात, "चेन ब्रेकर कोण घेतंय?"

कुणीच घेत नसतं. हे त्यांनाही माहीत असतं. "बरं, राहू दे, मी घेतो," असं म्हणायला मिळावं एवढ्यासाठीच त्यांनी विचारलेलं असतं.

आमच्याकडे हे खातं अप्पांकडे आहे. नोकरीत त्यांचा हत्यारांशी काडीचा संबंध आला नाही. हयातभर ते सरकारी कचेरीत बसून दुसऱ्यांचे हिशेब तपासत होते. हातात पहिल्यांदा पाना आला तो निवृत्तीनंतर, म्हणूनच बहुधा तो अजून सुटलेला नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेलात तर दिवाणावर रुखवत मांडावं तशी हत्यारं मांडलेली दिसतात. काकूंनी मशीनवर शिवून दिलेली खाकी कॅनव्हासची गुंडाळी आहे. तिला उंचीप्रमाणे कप्पे पाडलेत. प्रत्येक हत्यार जुन्या बनियनच्या चिंधीत वेगळं गुंडाळलेलं. का, तर चालत्या सायकलवर लोखंडाला लोखंड लागून खडखड होऊ नये. अप्पांना खडखड चालत नाही.

पंक्चरचं सामान, दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप आणि ॲलन कीचा जुडगा इथपर्यंत आपलीही हरकत नसते. चार, पाच आणि सहा मिलिमीटरच्या ॲलन कींवर आजकालच्या सायकलचा निम्मा संसार चालतो. पण गुंडाळी उलगडत जाते. चेन ब्रेकर. नऊ, दहा आणि अकरा स्पीडच्या चेनसाठी वेगवेगळ्या क्विक लिंक. स्पोक. स्पोकची चावी, तीही दोन मापांची. कॅसेट काढायचं टूल आणि ती काढताना फिरू नये म्हणून तिला धरून ठेवणारा, चेनचा तुकडा जोडलेला हातभर लांब दांडा. ब्रेकची वायर, गिअरची वायर, झिप टाय, चिमटा, कापूस, पॉलिश पेपर, डिस्कच्या बोल्टांसाठी चांदणीच्या तोंडाची पंचवीस नंबरची चावी. पायडलसाठी पंधराचा पाना. आणि या सगळ्याच्या शेवटी, एकटाच पाव किलोच्या वर भरेल असा आठ इंची ॲडजस्टेबल पाना.

"अप्पा, हा कशाला?"

"असू दे."

"पण लागणार कुठे?"

यावर अप्पा चष्म्यावरून बघतात आणि त्यांचा तो प्रश्न येतो. "आणि ऐन वरंध्यात लागला तर?"

वरंध घाट भोरहून महाडला उतरतो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, मध्ये वाघजाईचं देऊळ आणि भज्यांच्या टपऱ्या. जगातले सगळे बिघाड या एकाच घाटात होतात अशी अप्पांची श्रद्धा आहे. चेन तुटणार ती वरंध्यात, टायर फाटणार तो वरंध्यात, सॅडलचा बोल्ट गळून दरीत जाणार तोही वरंध्यातच, संध्याकाळी, मोबाइलला रेंज नसताना. आणि आम्ही वरंध्यातून एकदाही गेलेलो नव्हतो. पावसाळ्यात दरडी येतात म्हणून घाट बंद. पाऊस सरला की दरडी उपसायचं काम निघतं म्हणून बंद. ते आटोपतं तेव्हा रस्त्याचं काम निघतं. आम्ही ताम्हिणीतून उतरलो, आंबोलीतून उतरलो, जीभ बाहेर येईपर्यंत कुंभार्ली चढलो. अप्पांची तयारी मात्र कायम वरंध्याची.

एकदा ग्रुपने बंड केलं. सामान मोजायचा हुकाचा काटा आणला आणि अप्पांची गुंडाळी त्याला टांगली. चार किलो दोनशे. आंबोलीच्या वाटेवर चार किलो म्हणजे काय, हे ज्याने आजऱ्याच्या पुढचे चढ दुपारच्या उन्हात मारलेत त्यालाच कळेल. सगळ्यांनी मिळून अप्पांना समजावलं. अप्पांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "खरं आहे तुमचं. वजन कमी केलंच पाहिजे." दुसऱ्या दिवशी पहाटे कात्रजला भेटलो तेव्हा त्यांनी खरोखरच कमी केलं होतं. टॉवेल काढला होता. जादाची पँट काढली होती. टूथब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापला होता. आठ इंची पाना जागच्या जागी होता. त्या दिवसापासून अप्पा मुक्कामी दात घासतात तेव्हा त्यांची चार बोटं तोंडात असतात आणि आंघोळीनंतर त्यांच्या अंगाला आमच्यापैकी कुणाचा तरी टॉवेल असतो.

बरं, वाद घालायला जावं तर सोय नाही, कारण प्रत्येक वस्तूमागे युक्तिवाद तयार. स्पोकचंच घ्या. लांबच्या वाटेवर स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, आणि त्यातही गिअरच्या बाजूचा. त्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात आणि माणसाचं, सामानाचं वजनही मागेच. नेमका तिथला बदलायचा तर वाट अडवून कॅसेट बसलेली. ती काढल्याशिवाय नवा स्पोक आत जात नाही. म्हणून ते टूल. टूल फिरवलं की कॅसेटही फिरणार, म्हणून तो हातभर दांडा. टूल फिरवायला जोर हवा, म्हणून मोठा पाना. बघता बघता एका स्पोकपायी किलोभर लोखंड गोळा होतं आणि कुठल्याच पायरीवर अप्पांचं चुकलंय असं म्हणता येत नाही.

"पण अप्पा, 32 स्पोकांतला एक गेला तर शेजारचे थोडे सैल-घट्ट करून पुढच्या गावापर्यंत जाता येतं."

"येतं की."

"मग?"

"आणि ऐन वरंध्यात दुसरा गेला तर?"

हँगरची गोष्ट याहून पुढची. मागचा गिअर ज्या छोट्याशा तुकड्याला लटकलेला असतो तो हँगर. सायकल उजव्या अंगावर आपटली की तो वाकतो. मुद्दामच मऊ धातूचा करतात, म्हणजे मोडलाच तर तो मोडावा आणि फ्रेम वाचावी. कल्पना नामी आहे, फक्त दर कंपनीचा, कधी कधी तर दर मॉडेलचा हँगर वेगळा, आणि चिपळूणच्या किंवा कणकवलीच्या सायकलच्या दुकानात आपला मिळेल ही आशा करू नये. अप्पांकडे चार हँगर आहेत. चारांतला एकही त्यांचा नाही. त्यांची सायकल जुन्या बांधणीची, स्टीलची. तिला सुटा हँगर नसतोच, तो भाग फ्रेमचाच असतो. चारांतला एक तर आमच्या अशा मित्राच्या सायकलचा आहे जो नोकरीनिमित्त टोरांटोला गेला, जाताना सायकल विकून गेला आणि आता तिकडे घर घेऊन बसलाय.

"अप्पा, हा तरी काढा."

"आणि तो परत आला तर?"

हत्यारांच्या जोडीला अप्पांचे कान. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर बाजूने ट्रकमागून ट्रक चाललेत, वारा तोंडावर, आणि हे गृहस्थ मागून येऊन सांगतात, "तुझं डावं पायडल बोलतंय." आपल्याला काही ऐकू आलेलं नसतं. पण त्यांनी सांगितल्यावर मात्र दुसरं काही ऐकूच येत नाही. पुढचे 30 किलोमीटर तो किर्र किर्र आवाज आपला पिच्छा पुरवतो. अप्पांच्या मते सायकलीचा प्रत्येक भाग योग्य वेळी बोलतो, ऐकणारा पाहिजे. चेन बोलते, ब्रेक शू बोलतात, सीटपोस्ट तर बडबड्याच. एकदा साताऱ्यापासून कराडपर्यंत त्यांनी आमच्यातल्या एकाच्या सायकलमधला टक टक आवाज शोधला. त्याला थांबवून बॉटल केजचे बोल्ट आवळले, सीट खालीवर केली, शेवटी त्याला उतरवून नुसती सायकल ढकलायला लावली. सायकल गप्प. आवाज त्याच्या गुडघ्याचा होता. अप्पा क्षणभर गोंधळले, पण त्यांनी गुडघ्यालाही तेल सुचवलं. तिळाचं.

पंक्चर हा मात्र अप्पांचा खास प्रांत. तुम्हा-आम्हाला पंक्चर झालं की आपण जुनी ट्यूब काढतो, नवी घालतो, हवा भरतो आणि दोन किलोमीटरवर पुन्हा खाली बसतो. अप्पा म्हणतात, "ट्यूब बदललीस. पंक्चर कुठे काढलंस?" ते आधी टायरवरचा छाप आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह यांची जागा जुळवून बघतात, म्हणजे ट्यूबला भोक जिथे सापडेल त्याच्या समोरच टायरमध्ये गुन्हेगार बसलेला असणार. मग कापसाचा बोळा घेऊन टायरच्या आतून अलगद फिरवतात. बोट फिरवायचं नाही, कापतं. कापूस एका जागी अडकतो, एक धागा मागे राहतो. तिथे चिमटा. आणि बाहेर निघते केसाएवढी बारीक पोलादी तार. खेड्यातल्या वाटेवर बाभळीचा काटा निघेल, पण हायवेवर बहुतेक वेळा ही तारच. ट्रकचे टायर फुटून त्यांच्या चिंध्या रस्त्याच्या कडेला पडतात, त्यांतली. नेमक्या त्याच कडेने आपण सायकलवाले जातो. अप्पा ती तार उन्हात धरून सगळ्यांना दाखवतात आणि काजळाच्या रिकाम्या डबीत टाकतात. डबी जवळजवळ भरलीय. तिचं ते काय करणार आहेत, हे विचारायची कुणाची छाती नाही. पुढे ट्यूब घासणं, सोल्यूशन लावणं, आणि ते नीट सुकेपर्यंत थांबणं. इथे आपला धीर सुटतो, त्यांचा सुटत नाही. "ओल्यावर पॅच चिकटत नाही, नुसता बसतो," असं म्हणून ते मांडी घालतात आणि क्रिस्टोफची गोष्ट सुरू करतात.

ही गोष्ट आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. 1913 सालची टूर द फ्रान्स. यूजीन क्रिस्टोफ नावाचा गडी चांगला पुढे होता. पिरेनीजमधला तूरमाले घाट उतरताना त्याचा फोर्क मोडला. त्या काळी नियम असा, की दुरुस्ती ज्याची त्याने करायची, दुसऱ्याने बोट लावायचं नाही. क्रिस्टोफने सायकल खांद्यावर टाकली, दहा-बारा किलोमीटर चालत खालच्या सेंत-मारी-द-कांपां गावात गेला, लोहाराची भट्टी गाठली आणि स्वतःच्या हाताने फोर्क सांधला. काही तास गेले. स्पर्धेचे अधिकारी शेजारी उभे राहून पाहत होते. आणि एवढं सगळं करूनही त्याला दहा मिनिटांचा दंड झाला. का? तर भट्टीचा भाता लोहाराकडच्या पोराने ओढला म्हणून! पुढे तो दंड तीन मिनिटांवर आणला, पण अप्पांचा राग कमी झालेला नाही. पंक्चर साधं असेल तर गोष्ट इथे संपते. दोन भोकं असतील तर 1919 साली पिवळी जर्सी अंगावर असताना क्रिस्टोफचा फोर्क पुन्हा मोडला तो उत्तरार्ध येतो. टायरच फाटला असेल, आत प्लास्टिकचा कागद घालून ठिगळ लावायचं असेल, तर 1922 चा तिसरा फोर्कही ऐकावा लागतो.

आपण मदतीला म्हणून हात पुढे केला की अप्पा तो हातानेच मागे सारतात. "लावू नकोस. दंड बसेल."

याच्या अगदी उलट टोकाचाही एक प्राणी ग्रुपमध्ये असतो, त्याचं चित्र काढायला एवढीशी जागा पुरे. सायकल कार्बनची, किंमत सांगताना आवाज खाली येतो. चारशे ग्रॅम वाचावेत म्हणून चाकांची जोडी बदललेली. स्वतःच्या पोटावरचे सहा किलो हिशेबात धरलेले नाहीत. हत्यार विचाराल तर खिशातून मोबाइल काढून दाखवतो, "हे काय, इथे सगळं आहे." सगळं म्हणजे त्याच्या ड्रायव्हरचा नंबर. त्याच्या टायरमध्ये ट्यूब नाही, दुधासारखं सीलंट आहे, ते आपोआप भोक बुजवतं म्हणे. बुजवतंही. पण एकदा लांजाच्या अलीकडे टायरची कड फाटली, सीलंट त्याच्याच पोटरीवर उडालं आणि हा माणूस रस्त्याच्या कडेला हात कंबरेवर ठेवून कुणीतरी काहीतरी करील अशा चेहऱ्याने उभा राहिला. केलं अर्थातच अप्पांनी. आतून ठिगळ, वरून ट्यूब, गोष्ट थेट 1922 पर्यंत. शेवटी त्याने खिशात हात घातला आणि विचारलं, "अप्पा, किती द्यायचे?" अप्पांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. काही बोलले नाहीत. पंप जागेवर लावला आणि निघाले. हल्ली लाखांची सायकल घेतलेल्या माणसाला आपलं चाक काढता येत नाही आणि त्याची त्याला लाजही वाटत नाही, यावर मी अप्पांपेक्षा जास्त बोलू शकेन. पण मग मला त्यांची बाजू घ्यावी लागेल, आणि तेवढी माझी अजून तयारी नाही.

कारण अप्पांबरोबर जाणं म्हणजे थांबणं. ते ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला येतात, तेव्हा 200 किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते. अप्पांचे पाय अजून दहा तासांत काम आटोपतील असे आहेत. पण ते पोहोचतात शेवटच्या पाच मिनिटांत, हात कोपरापर्यंत काळे. वाटेत ज्याची ज्याची सायकल आडवी दिसली तिथे ते उतरलेले असतात. आपल्यातला, परका, दुसऱ्या गावचा, असा भेद नाही. मुदत ओलांडली की नाव बाद होतं, हे नियम पाठ असलेल्या माणसाला कळत नाही असं नाही. दोनदा बाद झालेही. विचारलं तर म्हणाले, "त्याच्याकडे अकराची लिंक नव्हती."

आता ती वही. माणूस हिशेबखात्यातला, तेव्हा वही असणारच. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. हत्यार वापरलं की नोंद : तारीख, ठिकाण, हत्यार, कारण, कुणासाठी, शेरा. शेवटी ज्याच्यासाठी वापरलं त्याची सही. हो, सही घेतात. भर रस्त्यात, घामाने भिजलेल्या बोटांनी. "आंबा घाट. ट्यूब एक. कारण : निघताना हवा न तपासणे. शेरा : मागेही सांगितले होते." "पाचगणी. सहाची ॲलन की. कारण : हँडल सैल. शेरा : हसण्यावारी नेले." माझ्या नावापुढचे शेरे मी इथे देत नाही. दापोलीहून दाभोळकडे जाताना एक दूधवाला किटल्या लावलेली सायकल ढकलत चालला होता. त्या नोंदीत शेरा मोठा आहे : "मागच्या चाकाचे नट साधे, षटकोनी. मल्टीटूल निरुपयोगी. ॲडजस्टेबल पान्यानेच काम झाले." 'पान्यानेच' खाली दोन रेघा. त्या रेघा आमच्यासाठी होत्या, कारण आम्ही धोपाव्याची फेरी चुकली म्हणून कुरकुरत पुढच्या फेरीची वाट बघत बसलो होतो. पुढे काहीतरी खुसपट काढावं या शुद्ध हेतूने मी ती वही चाळली. बरीच वर्षं आहेत तिच्यात. 'कुणासाठी' या रकान्यात मित्र आहेत, मित्रांचे मित्र आहेत, दूधवाले, शाळेतली पोरं, नृसिंहवाडीला निघालेलं एक जोडपं, एक पोस्टमन आहे. 'स्वतः' असं एकदाही नाही.

हे असं का, याचं उत्तर त्यांच्या सायकलीकडे बघितलं की मिळतं. दर रविवारी धुतलेली, दर महिन्याला चेन मोजलेली, झिजायच्या आधीच केबल बदललेली. ती बिघडतच नाही. बिघडायला तिला अप्पांनी कधी उसंतच दिलेली नाही. चार किलो हत्यारं वाहणारा ग्रुपमधला एकमेव माणूस असा, ज्याला त्यांतलं एकही लागत नाही. आणि बाकी आम्ही असे, की अप्पा ग्रुपमध्ये आल्यापासून पंपसुद्धा घेऊन निघत नाही. "अप्पांकडे असेल." असतं.

शेवटी एका डिसेंबरात वरंध उघडला. रस्ता बरा, दरडी उपसलेल्या, थंडी बेताची. अप्पांना आदल्या रात्री झोप लागली नाही, असं काकूंकडून कळलं. भोर सोडलं, धरणाच्या कडेकडेने निघालो. अप्पा सगळ्यांच्या मागे, कान टवकारून. एकेकाच्या शेजारी यायचे, दोन मिनिटं ऐकायचे आणि पुढच्याकडे सरकायचे. कुणाचं काही बोलत नव्हतं. चढ संपला. घाटमाथा आला. एकाचीही चेन उतरली नाही, कुणाचा गिअर अडखळला नाही. कार्बनवाल्याच्या टायरनेसुद्धा त्या दिवशी अब्रू राखली. वाघजाईपाशी कांदाभजी आली, चहा आला. अप्पांनी भज्याला हात लावला नाही. दरीकडे तोंड करून बसले आणि थोड्या थोड्या वेळाने विचारत राहिले, "सगळ्यांचं ठीक आहे ना?" इतक्या खिन्न आवाजात खुशाली विचारलेली मी दुसरीकडे ऐकली नाही.

मग आमच्यातला एक उठला. ग्रुपमधला सर्वांत टवाळ पोरगा. क्रिस्टोफच्या गोष्टीत भाता ओढण्याचा आवाज काढून दाखवणारा. सायकलींपाशी गेला, पाठ करून काहीतरी खुडबुड केली आणि परत येऊन म्हणाला, "अप्पा, माझी सीट हलतेय बहुतेक."

अप्पा ताडकन उठले. गुंडाळी उलगडली, चिंधी सोडवली, पाचची की काढली, सॅडलखाली वाकून बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग बोल्ट आवळला, सीटची पातळी डोळ्यांनी तपासली, की पुसून चिंधीत गुंडाळली आणि वही काढली. सही घेऊन झाल्यावर भज्यांची ताटली पुढे ओढून ती सगळी संपवली. नोंद आम्ही नंतर पाहिली. "वरंध घाट. पाचची की. कारण : मुद्दाम. शेरा : आभारी आहे."

गेल्या दिवाळीनंतर अप्पांनी नवीनच खूळ काढलंय. एकेक वस्तू ते आमच्या गळ्यात मारत सुटलेत. "हा चेन ब्रेकर तुझ्याकडे असू दे, माझ्या गुंडाळीत मावत नाही." मावत नाही कसं? वर्षानुवर्षं मावत होता. कॅसेटचं टूल एकाकडे गेलं, तो हातभर दांडा कार्बनवाल्याकडे. त्याने तो नऊ किलोमध्ये बसवलेल्या सायकलला, तोंडातून शब्द न काढता, पट्ट्याने बांधून घेतला हे मी पाहिलं. टोरांटोवाल्याचा हँगर त्या टवाळ पोराकडे. आठ इंची पाना माझ्याकडे आला. मी काही म्हणायच्या आत वहीत 'हस्तांतरण' असं नवीन पान उघडलेलं होतं आणि सहीची जागा दाखवली गेली होती. फाटकापर्यंत सोडायला काकू आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांनी यांचे घाट बंद केलेत. गुडघे." वरंध पावसाळा संपला की कधीतरी उघडतो तरी. आत जाऊन पुन्हा बसावं असं वाटलं, पण अप्पा व्हरांड्यातून ओरडले, "उजेड आहे तोवर नीघ, आणि तुझा पुढचा ब्रेक बोलतोय!"

आता आमच्या प्रत्येकाच्या पाठीवर अर्धा-पाऊण किलो जास्तीचं आहे. अप्पा सपाट रस्त्याने कात्रजपर्यंत आमच्याबरोबर येतात, तिथे चहा पितात आणि मागे वळतात. जाताना एकेकाला विचारतात काय काय घेतलंय ते. कुणी खोटं बोललं तर त्यांना कळतं, कारण त्याच्या बॅगेतून येणारा आवाज बदललेला असतो. त्या दिवशी सुरूरच्या पुढे कुणाची तरी चेन तुटली. चेन ब्रेकर एकाकडे, क्विक लिंक दुसऱ्याकडे, ती नीट बसवायची अक्कल तिसऱ्याकडे थोडीशी. सगळं गोळा करून जोडायला आम्हाला पाऊण तास लागला. अप्पांना सात मिनिटं लागली असती, हे रात्री त्यांनी फोनवर स्वतःच सांगितलं. आणि नोंद लिहून ठेवा म्हणाले, वहीत नंतर चिकटवू.

येत्या रविवारी वार्षिक तपासणी आहे. सगळ्यांनी आपापल्या ताब्यातली वस्तू घेऊन सकाळी सात वाजता अप्पांच्या घरी हजर राहायचं, गंज दिसला तर शेरा बसेल, असा निरोप आलाय. कोकणच्या खाऱ्या हवेतून नुकतेच परतलेले असल्यामुळे आमच्या निम्म्या ऐवजावर तांबूस ठिपके आहेत. दोन दिवस ग्रुपवर पॉलिश पेपर कुणाकडे आहे याची विचारणा चालू आहे. तो अजून हस्तांतरित झालेला नाही. अप्पांच्याच गुंडाळीत आहे.